टाळ्या कसल्या वाजवता?

काल टाळ्या वाजवल्यात ना? मग आज मुकाट्यानं ऐकून घ्या. अटकेची कलमं चालली होती. तुमच्यातला एकजण म्हणाला, "असल्यांना कोर्टात न्यायचंच कशाला? जागेवर ठोकायचं." आणि पीएसआय व्हायला निघालेला अख्खा वर्ग खूश झाला. एकालाही वाटलं नाही की उठून विचारावं, 'असल्यांना' म्हणजे कोणाला, आणि ते ठरवलं कोणी? बोलणाऱ्याचं नाव मी घेत नाही, कारण तो एकटा नव्हता. टाळ्या सगळ्यांच्या होत्या.

तुमच्या डोक्यात पक्कं बसलंय की पोलिसांनी पकडलेला माणूस गुन्हेगारच असतो. 2017 चा सप्टेंबर आठवा. गुरुग्रामच्या एका शाळेच्या स्वच्छतागृहात सात वर्षांच्या मुलाचा गळा चिरलेला सापडला. हरियाणा पोलिसांनी काही तासांत शाळेच्या बसचा कंडक्टर पकडला. त्यानं कॅमेऱ्यासमोर गुन्हा कबूल केला. देश संतापला होता. त्या दिवशी तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता ते मला काल कळलं. पुढे तपास सीबीआयकडे गेला आणि नोव्हेंबरमध्ये त्याच शाळेतला अकरावीचा विद्यार्थी ताब्यात घेतला गेला. कंडक्टरविरुद्ध काहीच सापडलं नाही, न्यायालयानं त्याला आरोपमुक्त केलं. कबुली मारून घेतली, असं त्याच्या घरचे पहिल्या दिवसापासून सांगत होते. नंतर सीबीआयनं हरियाणा पोलिसांच्या अधिकाऱ्यांवरच आरोपपत्र दाखल केलं. तो माणूस आज जिवंत आहे, कारण त्या दिवशी कोणी 'जागेवर ठोकलं' नाही. ठोकलं असतं तर फाइल बंद झाली असती आणि ज्यांचं मूल गेलं त्या आईबापांना आयुष्यभर खोटंच माहीत राहिलं असतं.

पट्टा काढला की आरोपी पोपटासारखा बोलतो, असं तुम्ही ऐकलंय, सिनेमात पाहिलंय. बोलतो, पण काय बोलतो? मारणाऱ्याला जे ऐकायचंय ते. म्हणून तर पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 25, आताच्या साक्ष अधिनियमात कलम 23. परीक्षेसाठी पाठ केलंत, एकदा तरी 'का' विचारलंत? 1854 मध्ये मद्रास प्रांतात सरकारी माणसांकडून होणाऱ्या छळाची चौकशी करायला इंग्रजांना आयोग नेमावा लागला होता. परक्या राजवटीलासुद्धा आपल्या पोलिसांनी मारून घेतलेल्या कबुलीवर विसंबता आलं नाही. आणि तुम्ही, स्वतंत्र देशाचे होऊ घातलेले अधिकारी, त्याच पट्ट्यावर भरवसा ठेवून खात्यात जाणार?

मारणं म्हणजे आळस, हे नीट लक्षात ठेवा. कॉल डिटेल्स काढायला, पंच उभे करायला, घटनास्थळावरचा नमुना वेळेत प्रयोगशाळेत पोचवायला कष्ट पडतात. लॉकअपमध्ये माणसाला उलटं टांगायला काहीच पडत नाही. सांगलीत 2017 च्या नोव्हेंबरमध्ये लुटमारीच्या संशयावरून पकडलेला एक तरुण पोलीस कोठडीत मेला. त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळल्याचं आणि 'आरोपी पळाला' असं सांगितल्याचं तपासात पुढे आलं. त्या प्रकरणात पोलीस अधिकाऱ्यासह कर्मचाऱ्यांना खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली. काल टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणाला वाटतं की आपण असे नाही? त्यांनाही भरतीच्या दिवशी तसंच वाटलं असेल.

आता चकमकीचं. मुंबईत 1995 ते 1997 या काळात 99 चकमकींत सुमारे 135 माणसं मेली, त्यावरून एक याचिका झाली. सर्वोच्च न्यायालयानं 23 सप्टेंबर 2014 ला निकाल दिला आणि सोळा सूचना घालून दिल्या. गुन्हा नोंदवा, तपास दुसऱ्या ठाण्याकडे किंवा सीआयडीकडे द्या, दंडाधिकाऱ्यांची चौकशी लावा, शस्त्रं तपासणीला द्या, आणि चकमकीनंतर लगेच बढत्या आणि शौर्यपदकं वाटू नका. बढतीची सूचना का घालावी लागली असेल, याचा विचार करा. माणूस मारला की बढती मिळते असा रिवाज पडला होता, म्हणून.

वर्सोव्याचं प्रकरण तुमच्या नोट्समध्ये दोन ओळींत उरकलंय. ते मी आज उरकू देणार नाही. 11 नोव्हेंबर 2006. नवी मुंबईतल्या वाशीहून एका माणसाला उचललं. त्याच्यावर गुन्हे होते, तो साधुसंत नव्हता. त्याचा भाऊ वकील. भाऊ उचलला गेल्याचं कळताच त्यानं पोलीस आयुक्तांना तार केली, फॅक्स पाठवले, की माझ्या भावाला पोलिसांनी नेलंय आणि त्याच्या जिवाला धोका आहे. चकमकीची बातमी आली ती त्यानंतर. वर्सोव्यात गुंड चकमकीत ठार, असं जाहीर झालं. तारेवरची वेळ कागदावर होती. चकमकीची वेळ पोलिसांच्या नोंदीत होती. त्या दोन वेळांनी सगळा बनाव उघडा पाडला. पण त्याला किती वर्षं लागली ते बघा. 2013 मध्ये सत्र न्यायालयानं 13 पोलिसांसह 21 जणांना जन्मठेप दिली. त्याआधी, उचलताना सोबत असलेल्या साक्षीदाराचा साक्षीला उभं राहण्याच्या तोंडावर खून झाला. मार्च 2024 मध्ये न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि गौरी गोडसे यांच्या खंडपीठानं पोलिसांची शिक्षा कायम ठेवली आणि ज्या अधिकाऱ्याला खालच्या न्यायालयानं सोडलं होतं त्यालाही जन्मठेप सुनावली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. या सगळ्या वर्षांत टाळ्या वाजवणारे कुठे होते? त्यातला एकही आरोपीच्या पिंजऱ्यात शेजारी उभा राहिला नाही. तुमच्याही राहणार नाही.

हैदराबादची आठवण काल कोणीतरी काढलीच. 6 डिसेंबर 2019, पहाटे, बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चौघे आरोपी पोलिसांच्या गोळीबारात ठार. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. चौकशीला आपल्या विदर्भातले, सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती वि. श्री. सिरपूरकर बसले. त्यांच्या आयोगाचा निष्कर्ष असा की गोळीबार मारण्याच्याच हेतूनं केला होता आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा. आणखी एक, चौघांपैकी तिघं त्या वेळी अल्पवयीन होते, असंही आयोगानं म्हटलं. फुलं उधळणाऱ्यांना हे माहीत नव्हतं, आणि वय तपासायचं असतं ते न्यायालयातच.

बदलापूरवर तर तुम्ही सगळ्यात जोरात बोललात, म्हणून थांबून सांगतो. शाळेतल्या त्या चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराचं ऐकून माझंही रक्त तापलं होतं. पण ऑगस्ट 2024 मध्ये आधी काय झालं? मुलींचे आईबाप तक्रार घेऊन ठाण्यात गेले आणि गुन्हा नोंदवून घ्यायला त्यांना तासन् तास ताटकळत ठेवलं. लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा यंत्रणा हलली. म्हणजे ज्या दिवशी पोलिसांनी फक्त आपलं काम करायचं होतं, त्या दिवशी काम झालं नाही. पुढे 23 सप्टेंबरला, त्या सोळा सूचनांच्या निकालाला बरोबर दहा वर्षं होत असताना, आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्यानं पिस्तूल हिसकावलं, असं पोलीस म्हणाले. गोळी पायावर न मारता डोक्यात कशी लागली, असं उच्च न्यायालयानं विचारलं आणि दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनंही पोलिसांचं म्हणणं मान्य केलं नाही. पेढे वाटले गेले. पण त्या मुलींना काय मिळालं? त्याच्या गुन्ह्याचा खटला उभाच राहिला नाही, साक्षी तपासल्या गेल्या नाहीत, आणखी कोणाचा दोष होता का हे त्याच्या तोंडून यायची वाटच बंद झाली. ताटकळलेल्या आईबापांना निकालाचा कागद मिळाला नाही.

तुम्हाला शौर्य हवंय ना? मग तुकाराम ओंबळे यांच्याकडे बघा. साताऱ्याच्या जावळीतल्या केडंबे गावचा माणूस, हातात फक्त लाठी. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीला त्यांनी दहशतवादी कसाबच्या एके-47 ची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. कसाब जिवंत हाती लागला. पोलिसांची ताकद म्हणजे ही. त्या क्षणी तिथं गोळी घालायला कायद्यानं मोकळीक होती, कोणी बोट उचललं नसतं. पण तो जिवंत राहिला म्हणून कट कुठे शिजला, बोट कशी आली, हे सगळं जगापुढे मांडता आलं. त्याला वकील दिला, खटला चालला, अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी झाली. याच खटल्यात पोलिसांनी आरोपी केलेले दोन भारतीय पुराव्याअभावी निर्दोष सुटले, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? एकशे साठहून अधिक माणसं मारणाऱ्या टोळीच्या खटल्यातसुद्धा पोलिसांची यादी जशीच्या तशी मान्य झाली नाही. न्यायालय एवढ्यासाठीच असतं.

तुमची सबब मला ठाऊक आहे. बारा तासांची ड्यूटी, रजा नाही, वरून साहेबांचा फोन, मंत्र्यांचा फोन, खाली जमाव, आणि न्यायालयात पंच फितूर. हे सगळं खरं आहे, आणि सरकारनं पोलिसांचे जे हाल केलेत त्याबद्दल मी कुठेही उभा राहून भांडेन. पण थकलेला डॉक्टर चुकीच्या पेशंटचं पोट फाडतो तेव्हा आपण त्याला 'थकला होता' म्हणून सोडत नाही. पंच फितूर होतात कारण ते ठाण्यातलेच ठरलेले पंच असतात. त्याला उपाय गोळी नाही, बरा पंचनामा आहे. आणि अंगावर कोणी शस्त्र घेऊन आलं तर स्वसंरक्षणाचा हक्क तुम्हालाही आहे, जेवढा मला आहे तेवढा. कायदा तुम्हाला मरायला सांगत नाही. तो म्हणतो, पळून जाऊ नये एवढंच बंधन घाला, त्याहून जास्त नको. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 46, एका ओळीचं.

जमावाबद्दल एवढंच. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 ला राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा माणसं मेली. जमाव टँकर पेटवणार होता, असा बचाव झाला. गुंडेवार आयोगानं तो मानला नाही आणि 2009 मध्ये गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयानं दोषी ठरवलं. आधी इशारा, मग पांगण्याची संधी, मग कमीत कमी बळ, हा क्रम कायद्यानं घालून दिलाय. तो मैदानावर पाठ करून ठेवा, कारण गर्दी समोर आली की पुस्तक उघडायला वेळ नसतो.

आणि ज्यांना वाटतं की हे सगळं मोठमोठ्या वकिलांचं काम आहे, त्यांनी डी. के. बसू यांच्या प्रकरणातला निकाल पुन्हा वाचावा. 1986 मध्ये पश्चिम बंगालमधल्या कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून बसूंनी सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं. तेवढ्यावरून छातीवर नावाची पट्टी, अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना खबर, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी, हे सगळं आलं. उद्या तुमच्या छातीवर जी पट्टी लागणार आहे ती त्या पत्रातून आलीय. लॉकअपमध्ये शिरताना ती खिशात घालायची नसते.

उद्याचा अभ्यास सांगतो. 11 नोव्हेंबर 2006 ची संध्याकाळ. तुम्ही आयुक्तालयात ड्यूटीवर आहात. एका वकिलाची तार तुमच्या हातात पडलीय, की माझ्या भावाला उचललंय, त्याच्या जिवाला धोका आहे. साहेब बाहेर आहेत. तुम्ही कोणाला फोन कराल, काय विचाराल, डायरीत कोणत्या वेळेची काय नोंद कराल, ते प्रत्येकानं स्वतःच्या अक्षरात, सही आणि वेळ घालून लिहून आणायचं. ज्याचा कागद कोरा असेल त्यानं उद्या वर्गात यायचं नाही.