पहिल्या साठ दिवसांत ठरणारे आयुष्य

बिलिअरी अट्रेसिया या आजारात बाळाच्या यकृताबाहेरच्या पित्तनलिका जन्माच्या आसपास सुजतात, आक्रसतात आणि बंद होतात. पित्ताला वाट उरत नाही. ते यकृतातच तुंबते आणि यकृत निबर होत जाते. उपचार झाले नाहीत तर यातली बहुतेक मुले दोन-तीन वर्षांपलीकडे जगत नाहीत. आजार दुर्मीळ आहे, तरी लहान मुलांच्या यकृत प्रत्यारोपणाचे जगभरातले सर्वांत मोठे कारण तोच आहे. या मुलांच्या भवितव्याची चर्चा आपण शस्त्रक्रिया, दाता आणि खर्च यांच्याभोवती करतो. त्या भवितव्याचा मोठा भाग मात्र त्याआधीच, घरात, बाळाच्या लंगोटावर दिसत असतो. तो पाहायला आपण कोणाला शिकवलेले नाही.

जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात मोरिओ कासाई यांनी १९५५ मध्ये या आजारावर नवी शस्त्रक्रिया केली. बंद पडलेल्या नलिकांचे अवशेष काढायचे आणि आतड्याचे वेटोळे थेट यकृताच्या मुखाशी जोडायचे, म्हणजे उरल्यासुरल्या सूक्ष्म वाटांनी पित्त आतड्यात उतरते. आजही पहिला उपचार हाच आहे. मात्र त्या सूक्ष्म वाटा फार काळ टिकत नाहीत. बाळ साठ दिवसांचे होण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर यशाची शक्यता चांगली असते, पुढे ती घटत जाते. साठावा दिवस ही लक्ष्मणरेषा नव्हे, पण उशिराची किंमत यकृत मोजते.

मग उशीर का होतो? कारण बाळ आजारी दिसतच नाही. ते दूध पिते, हसते, सुरुवातीला वजनही धरते. डोळ्यांत थोडा पिवळेपणा असतो. ‘कोवळ्या उन्हात धरा, जाईल’ असे सगळेच सांगतात, आणि बहुतेक बाळांची कावीळ खरोखरच जाते. खूण असते ती दुसरीकडे. जन्मानंतरची काळपट, चिकट शी संपली की निरोगी बाळाची शी मोहरीसारखी पिवळी होते. या बाळांची मात्र फिकट होत जाते. पांढरट, राखाडी, ओल्या चुन्यासारखी. उलट लघवी गडद होते आणि लंगोटावर पिवळा डाग सोडते. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी असते. बाळाला न्हाऊ-माखू घालणारी बाई आणि लंगोट धुणारी आजी हा रंग रोज पाहतात, पण त्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नसतो. प्रसूती एका गावात, माहेर दुसऱ्या, सासर तिसऱ्या. साठ दिवस या ये-जा करण्यातच सरतात. पुढे निदान झाले की आईने गरोदरपणी काय खाल्ले याची चौकशी सुरू होते. आईच्या खाण्यापिण्याने हा आजार होतो याला कसलाही आधार नाही, हे घरातल्या प्रत्येकाला ठणकावून सांगायला हवे.

तैवानने २००४ मध्ये बाळाच्या शीच्या रंगांचे चित्र असलेले कार्ड देशभर प्रत्येक आईच्या हाती दिले. आईने रंग ताडून पाहायचा आणि फिकट वाटला तर कळवायचे. त्यानंतर साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचे प्रमाण वाढले, आणि पाच वर्षे जगणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे ५६ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर गेले. यात प्रत्यारोपणाचाही वाटा आहे. पण प्रत्यारोपणापर्यंत बाळ धडपणे पोहोचते तेही वेळेवर ओळखल्यामुळेच.

वेळेत शस्त्रक्रिया झाली तरी आजार संपतो असे नाही, हा आक्षेप खरा आहे. अनेक मुलांना पुढे प्रत्यारोपण लागतेच. स्वतःच्या यकृतावर वाढणाऱ्यांनाही ताप आला की पित्तनलिकांच्या संसर्गाची धास्ती असते, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा तपासत राहावे लागते, अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वे द्यावी लागतात. तरीही काही जण स्वतःच्या यकृतासह तिशी-चाळिशी गाठतात. ज्यांना ते जमत नाही त्यांनाही वेळेवरच्या शस्त्रक्रियेने वर्षे मिळतात, आणि थोडे वाढलेल्या मुलाचे प्रत्यारोपण तान्ह्या बाळापेक्षा सोपे जाते. नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीत वीस महिन्यांच्या मुलावर भारतातले पहिले यशस्वी बाल-यकृत प्रत्यारोपण झाले. आजार हाच होता, यकृताचा तुकडा वडिलांनी दिला. तो मुलगा मोठा होऊन स्वतः डॉक्टर झाला. म्हणून या आजाराकडे केवळ मृत्यूची घटिका म्हणून पाहणे चूक आहे. तो आयुष्यभर सांभाळायचा आजार आहे, आणि आयुष्यभर सांभाळायचे तर सुरुवात वेळेवर व्हायला हवी.

त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. आशाताई नवजात बाळाच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या फेऱ्या करतात. सहाव्या आठवड्याची लस साठ दिवसांच्या आतच येते. या प्रत्येक भेटीत ‘शीचा रंग कसा आहे?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि शक्यतो लंगोट डोळ्यांनी पाहिला गेला पाहिजे. चौदा दिवसांनंतरही कावीळ राहिली तर ऊन दाखवत बसू नका. रक्तातले डायरेक्ट बिलिरुबिन तपासून घ्या. ते वाढलेले असेल किंवा शी पांढरट असेल, तर त्याच आठवड्यात बाळाला बालयकृततज्ज्ञ किंवा बालशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात न्या. तुमच्या घरात, शेजारात तान्हे बाळ असेल तर ही गोष्ट आजच त्याच्या आईला आणि आजीला सांगा.