फुंकू नका, ओढा

यंत्र हातात पडलं की बहुतेक पेशंट त्यात फुंकतात. "फुंकू नका, ओढा" हे वाक्य मी छातीच्या फिजिओथेरपीत जितक्या वेळा उच्चारलं असेल, तितक्या वेळा देवाचं नावही घेतलं नसेल. फुंकण्याची आपल्याला सवय असते. चूल फुंकायची, बशीतला चहा फुंकायचा. श्वास बाहेर टाकणं हे काम वाटतं. आत येणं मात्र आपोआप चालणारं, फुकटचं. शरीराचा हिशेब उलटा आहे. निवांत बसलेल्या माणसाला श्वास सोडायला काही करावं लागत नाही, ताणलेली फुप्फुसं आपणहून मागे येतात. कष्ट आत घेण्याचे. ते मुख्यतः श्वासपटल उपसतं. फासळ्यांच्या तळाशी घुमटासारखा बसलेला हा पातळ स्नायू दिवसाला वीस हजारांच्या आसपास खेपा करतो, आणि त्याला हुकूम देणाऱ्या नसा चक्क मानेतून खाली उतरतात.

कोरोनात घरोघरी पोचलेलं तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र वेगळं. ते फुप्फुसं पुरती फुलावीत म्हणून असतं. मी म्हणते त्या यंत्रात स्प्रिंगची झडप असते. नळी ओठांत धरायची, नाकाला चिमटा लावायचा आणि ओढायचं. ठरवलेला जोर लागेपर्यंत झडप उघडत नाही, म्हणजे हवाच येत नाही. हा जोर 'सेंटिमीटर पाणी' या मापात मोजतात. दंडाला वजन द्यावं तसा श्वासाच्या स्नायूला भार द्यायचा आणि तो हळूहळू वाढवत न्यायचा, एवढंच त्यामागचं शास्त्र.

या साध्या गोष्टीला प्रतिष्ठा मिळाली ती 2021 साली. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या संशोधकांनी पन्नास ते एकोणऐंशी वयाच्या 36 जणांवर प्रयोग केला. रोज तीस श्वास, आठवड्यातले सहा दिवस, सहा आठवडे. ज्यांनी जोरदार भार ओढला त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी नऊ अंकांनी उतरला. तीस श्वासांना पाच-दहा मिनिटं लागतात. 36 माणसं म्हणजे फार नव्हेत, हे मी आधीच सांगून ठेवते. पण बातमी आली आणि आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर ती ताबडतोब फिरली. खाली ओळ होतीच: हे सगळं आपल्या ऋषींना ठाऊक होतं.

या ओळीचा मला राग येतो, आणि तो नास्तिकाचा राग नाही. आमच्या घरी वडील रोज संध्या करत. भावाची मुंज झाल्यावर त्यालाही नाक धरून बसवलं गेलं. मुलींना संध्या नव्हती. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघून शिकले. वडील शाळेत संस्कृत शिकवायचे, त्यामुळे योगसूत्रं आणि उपनिषदं घरात रद्दीच्या उंचीने रचलेली असत. तेव्हा ऋषींना काय ठाऊक होतं याबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या नावावर स्प्रिंगची झडप खपवलेली मला चालत नाही.

ही तुलना करायची तर ती कशी करावी याचा नमुना लोणावळ्यात आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. 'आमच्याकडे आधीच होतं' एवढं म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी एक्स-रे काढले, दाबमापक लावले. नौली ही पोट घुसळण्याची क्रिया करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो हे मोजून दाखवलं आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूचं, माधवदासांचं नाव दिलं. श्रद्धा नावात ठेवली आणि आकडा आकड्याच्या जागी. माझ्या मते हीच धार्मिक माणसाची सभ्यता.

मग माझ्या यंत्राची जागा कुठे? पतंजलीच्या आठ अंगांत प्राणायाम चौथा येतो, आसनानंतर. आधी शरीर स्थिर आणि सुखात बसायला हवं, मग श्वासाच्या येण्याजाण्याची गती तोडायची, असा त्याचा क्रम. हठप्रदीपिका तर प्राणाला सिंह, हत्ती, वाघ यांच्या रांगेत बसवते: सावकाश माणसाळवा, नाहीतर तो तुमचाच घात करेल. भार हळूहळू वाढवण्याचा माझा नियम याहून निराळा नाही. तरी मी या यंत्राला प्राणायाम म्हणत नाही. ते फार तर आसनाच्या पायरीवरचं आहे. जो स्नायू थकल्यामुळे माणसाला स्थिर आणि सुखात बसता येत नाही, त्या स्नायूची ही मशागत. चौथी पायरी पुढे आहे, आणि ती चढायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न.

पण खरा प्रश्न पायऱ्यांचा नाही. खरा प्रश्न मला पेशंटनी घातला.

हल्ली सगळे सांगतात, श्वासाकडे लक्ष द्या, मन शांत होईल. मोबाइलवरची ॲप सांगतात, ऑफिसातले तणावमुक्तीवाले सांगतात. यामागे जुनी आणि गंभीर परंपरा आहे, याबद्दल वाद नाही. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान चालतं: नैसर्गिक श्वास येतो-जातो तो बघायचा, त्यात ढवळाढवळ करायची नाही. आता माझ्यासमोर सीओपीडीचा, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा माणूस बसलेला असतो. त्याची फुप्फुसं हवा अडकून फुगलेली, त्यामुळे श्वासपटलाचा घुमट दबून सपाट झालेला. सपाट स्नायूला ओढायला जागाच उरत नाही. हा माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत श्वासाकडेच लक्ष देतो आहे. संडासला जाताना, बनियन घालताना, पाट्यावर वाकलेल्या बायकोशी दोन शब्द बोलताना. त्याच्याइतकी अखंड श्वासावरची एकाग्रता मी कुठल्या साधकात पाहिलेली नाही. आणि त्याला शांती मिळालेली नाही. "जीव घाबरा होतो, ताई," एवढंच तो सांगतो.

म्हणजे नुसतं लक्ष तारत नाही. मधे भीती असते. दम लागला की भीती वाटते, भीतीने श्वास उथळ आणि भराभर होतो, तसा झाला की हवा पुरती बाहेर पडत नाही, अडकते, आणि दम आणखी लागतो. या चक्रात सापडलेल्याला 'तुझा श्वास बघ' म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला पाणी दाखवणं. श्वास बघत बसायला गाठीला चार श्वास जास्तीचे लागतात. अध्यात्माच्या पुस्तकांनी ही अट छापलेली नाही, कारण ती निरोगी माणसांनी लिहिली असावीत, असा माझा खवचट संशय आहे.

यंत्र यात काय करतं? स्नायू थोडा बळकट होतो, हे आहेच. पण मला वाटतं, त्याहून मोठं काम दुसरं आहे. आपण होऊन ठरवून, खुर्चीत पाठ टेकून, समोर कुणी तरी बसलेलं असताना माणूस हवेची अडचण ओढवून घेतो. झडप उघडत नाही तेवढा क्षण त्याला तीच जुनी धाप आठवते. मग झडप उघडते. पुन्हा तेच. काही आठवड्यांनी तो दम लागल्यावर दचकत नाही. ही ओळखीची अडचण आहे, मरण नव्हे, एवढं शरीराला कळलेलं असतं. स्वेच्छेने श्वास अडवणारे योगी मृत्यूच्या भयाच्या इतक्या जवळ का जात असतील, याचं उत्तर मला ग्रंथांपेक्षा या खुर्चीत जास्त मिळालं. आणि त्याची मर्यादाही. बोधी मिळण्याआधी सिद्धार्थाने श्वास कोंडण्याचं ध्यान टोकाला नेलं, कानात घोंगावणारे वारे आणि डोकं फुटेल अशा वेदना सोसल्या, आणि हा मार्ग नव्हे म्हणून सोडून दिला, असं पाली सूत्रांत येतं. अडचण ओढवून घेण्यालाही हद्द असते. माझ्याकडे ती सेंटिमीटरमध्ये मोजलेली असते, हे माझं भाग्य.

यंत्राची फार आरती मला करायची नाही. जो पेशंट नीट चालण्याचा व्यायाम करतो, हातापायांचं बळ वाढवतो, त्याला वर यंत्राचा निराळा फायदा होतोच असं नाही. विकणारे हे सांगत नाहीत. मी आधी चालायला लावते.

माण तालुक्याकडचे एक वारकरी कीर्तनकार माझ्याकडे येतात. महाराज म्हणते मी त्यांना, ते मला माऊली म्हणतात. आले तेव्हा एका श्वासात तीन शब्द निघत होते. दम किती हे तपासायची आमची एक पद्धत अशीही आहे: पेशंटला बोलतं करायचं आणि वाक्य कुठे तुटतं ते ऐकायचं. दोन तास उभं राहून निरूपण करणाऱ्या माणसाचं वाक्य क्रियापदापर्यंत पोचत नव्हतं. त्यांना मी कौषीतकी उपनिषदातला आंतर अग्निहोत्र सांगितला, वडिलांकडून ऐकलेला. माणूस बोलत असतो तोवर त्याला श्वास घेता येत नाही, तेव्हा तो प्राणाची आहुती वाणीत देत असतो. श्वास घेतो तेव्हा बोलता येत नाही, तेव्हा वाणीची आहुती प्राणात. जागेपणी आणि झोपेत हा यज्ञ चालूच. महाराज थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग माझा यज्ञ... हल्ली एकाच... बाजूने चाललाय." मला हसू आवरेना, त्यांनाही, आणि हसण्याने धाप लागली.

महिने गेले. चालणं वाढलं, वाक्यं लांबली. यंत्रावरचे तीस श्वास ते नेमाने करत, पण कंटाळत. मी सुचवलं, आकडे कशाला मोजता, प्रत्येक श्वासाला विठ्ठलाचं नाव घ्या. माझ्याजवळ पुरावाही होता. इटलीतल्या पाव्हिया इथल्या लुचानो बर्नार्डी यांनी 2001 साली 23 निरोगी माणसांकडून जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणी पद्मे हुम्' म्हणवून घेतलं. दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि रक्तदाब सावरणारी हृदयाची प्रतिक्षिप्त क्रिया सुधारली. ख्रिस्ती प्रार्थना आणि बौद्ध मंत्र, दोघांची लय एकच! मी हे उत्साहाने सांगितलं.

"त्यातल्या कुणाला देव हवा होता का?" महाराजांनी विचारलं.

"तो प्रश्न प्रयोगात नव्हता."

"मग राहू द्या. नामाला मजुरीला नाही लावायचं, माऊली."

मी वाद घातला. म्हटलं, माळेला एकशे आठ मणी असतात, म्हणजे तुम्हीही मोजताच की. "माळ मोजते. मी नाही मोजत," ते म्हणाले. मी म्हटलं, नामाने रक्तदाब उतरला तर विठ्ठलाला काय वाईट वाटणार आहे? त्यांनी सांगितलं, उतरू दे की, फुकट मिळालं तर घेऊ. पण उतरावा म्हणून घेतलेलं नाम हे औषध झालं, आणि औषध बरं वाटलं की माणूस बंद करतो.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी पटलं असंही नाही. संकटात घेतलेलं नाम, आजारात बोललेला नवस, हे सगळंच मजुरीला लावणं म्हणायचं, तर देवळांत किती जण उरतील? मी तसं म्हणूनही दाखवलं. ते म्हणाले, "म्हणून तर मी कीर्तन करतो."

शेवटी तह झाला. तीस श्वास आकड्यांवर, माझ्या हिशेबाने. मग नळी धुऊन डबीत ठेवायची आणि पुढचा हरिपाठ त्यांच्या हिशेबाने. परवा आले तेव्हा तीस श्वास ओढूनही त्यांच्या कपाळाला घाम नव्हता. मी झडप दोन सेंटिमीटरने आवळली. ते म्हणाले, "फार लवकर वाढवता तुम्ही." मी म्हटलं, "ओढा, महाराज."