घोडा, पाटल्या आणि हेड पॅकिंग

इंजिनातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. बँकेत कारकुनी करून करून आधी देणी सांगावीत आणि मग येण्याकडे वळावं, अशी सवय लागली आहे. माझी स्वतःची स्कूटर बंद पडली की मी तिला एका अंगावर झुकवतो, पुन्हा सरळ करतो आणि आकाशाकडे बघतो. माझं यांत्रिक ज्ञान तिथं संपतं. असं असूनही २०१४ सालच्या उन्हाळ्यात लागोपाठ तीन रविवार मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, एका ट्रकच्या उघड्या इंजिनासमोर स्टुलावर बसून काढले. पोथी लावून बसलो असतो तरी जो प्रश्न पडला नसता, तो मला तिथं पडला.

ट्रक माझ्या मेहुण्याचा. १९९६ सालचा ४०७. ही गाडी १९८६ साली बाजारात आली, आणि तेव्हापासून आमच्या भागात गूळ, भाजी, वऱ्हाड आणि गणपती या सर्वांना तिनं सारख्याच निष्ठेनं वाहून नेलं आहे. मेहुण्याची गाडी अठरा वर्षं राबली होती. आता ती विकून धाकटी गाडी घ्यायची, असं त्यानं ठरवलं. गिऱ्हाईक मिळालं, एक लाख नव्वद हजारांवर सौदा ठरला, इसार घेतला, महिनाअखेर गाडी द्यायची बोली झाली. शहाणा माणूस अशा वेळी गाडी पुसून दारात उभी करतो. आमचा मेहुणा म्हणाला, "एक शेवटची खेप आंब्याची मारतो."

रेडिएटरचा एक पाइप आधीपासून गळत होता. त्यावर त्यानं ड्रायव्हर मंडळींचा परंपरागत उपाय केला होता, म्हणजे रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली होती. हळद लागली, पण पुढचं कार्य सुरळीत पार पडलं नाही. रत्नागिरीहून भरून येताना आंबा घाटाच्या निम्म्यात काटा लाल खुणेपलीकडे गेला. "घाट संपेपर्यंत कळ काढ, असं मी गाडीला म्हणालो," असं तो नंतर सांगत होता. गाडीनं कळ काढली नाही. पांढरा धूर, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे, आणि ऑइलची पट्टी काढून पाहिली तर तिला चहासारखा दुधाळ रंग. मिस्त्रींनी नुसता वास घेतला आणि निकाल दिला, "हेड पॅकिंग गेलं."

हेड पॅकिंग, किंवा पुस्तकी भाषेत हेड गॅस्केट, म्हणजे काय ते मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. इंजिनाचा ब्लॉक खाली, हेड वर, आणि दोघांच्या मध्ये हा भोकाभोकांचा पातळ पत्रा. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा सतरा-अठरापट दाबायची आणि त्या दाबानं ती जी तापते, त्यावर डिझेल पेटवायचं. म्हणजे एका भोकात स्फोट, शेजारच्या भोकातून थंड पाणी आणि त्याच्या शेजारून ऑइल. या तिघांनी एकमेकांच्या घरात पाऊल टाकायचं नाही, याची जबाबदारी या पत्र्यावर. वरून हेड दाबतंय, खालून ब्लॉक दाबतोय, आत आग आहे, आणि बाहेरून तो कुणाला दिसतसुद्धा नाही. मला एकदम गहिवरून आलं. मॅनेजर आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये मी तोच धंदा करतो.

दुसऱ्या रविवारी पॅकिंग निवडायचं होतं. मिस्त्रींनी मला विद्यार्थी समजून प्रकार सांगितले. फार पूर्वी तांब्याच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस भरलेली पॅकिंगं येत. तसलं जुनं पॅकिंग खरवडताना धूळ उडवायची नाही, ती छातीला वाईट. हल्लीच्या नव्या इंजिनांत स्टीलचे तीन-चार थर एकावर एक असतात. ते भक्कम खरं, पण त्याला वरखालचे दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे लागतात. "आपला ब्लॉक अठरा वर्षांचा, अंगावर देवीचे व्रण असल्यागत खड्डे. ह्याला मध्ये पत्रा आणि दोन्हीकडं मऊ थर असलेलं पॅकिंगच बरं. ते थोडं सांभाळून घेतंय," मिस्त्री म्हणाले. कडक तत्त्वाची माणसं गुळगुळीत घरांतच का टिकतात, हे मला तेव्हा कळलं.

शिवाय जाडीचा प्रश्न. कित्येक डिझेल इंजिनांत पिस्टन ब्लॉकच्या वर किती डोकावतो ते मोजून त्याप्रमाणे पॅकिंगची जाडी घ्यावी लागते. कमी जाड घेतलं तर पिस्टन वर आपटण्याची भीती, जास्त घेतलं तर दाब कमी पडतो आणि गाडी सकाळी उठत नाही. हेड तापून वाकलंय का, तेही पाहायचं. सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवून खाली फिलर गेजची पान सरकवायची. मिलिमीटरचा दहावा हिस्सासुद्धा जास्तच. आमच्या हेडखाली ती पान रेशनच्या दुकानात ओळखीचा माणूस शिरावा तशी शिरली. म्हणजे हेडला फेस मारून घेणं आलं, ताणलेले बोल्ट बदलणं आलं.

मेहुण्यानं हिशेब ऐकला आणि म्हणाला, "मिस्त्री, लोकल पॅकिंग टाका. फेस नको, जुनेच बोल्ट. वर जरा चिकटवायची पेस्ट फासा. दोन महिने चालली म्हणजे झालं. गाडी आपल्याकडं ऱ्हाणार हाय का?"

फरक साडेतीन हजारांचा होता. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेल्या माणसाकडे लोक अशा अवघड वेळी का पाहतात, कोण जाणे.

मी बी.कॉम. आहे. आमच्या वेळी व्यापारी कायदा होता, आणि त्यातला एक घोडा मी अजून विसरलेलो नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं सतरावं कलम फसवणुकीचं. त्यात म्हटलंय, की नुसतं गप्प बसणं ही फसवणूक नव्हे. उदाहरण दिलंय ते असं : 'अ' हा 'ब'ला लिलावात एक घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे 'अ'ला ठाऊक आहे. 'अ' काही बोलत नाही. ही फसवणूक नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचाही सूर तोच, की घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत. मेहुण्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याला प्रथमच आपल्या बहिणीचं लग्न योग्य घरी झाल्यासारखं वाटलं. "मग झालं तर! कायदाच म्हणतोय गप्प बसा," तो म्हणाला.

पण त्या उदाहरणाखाली आणखी एक उदाहरण आहे, ते मी त्याला सांगितलं नाही. 'ब' ही 'अ'ची मुलगी आहे आणि नुकतीच सज्ञान झाली आहे. मग मात्र घोड्याची खोड सांगणं 'अ'चं कर्तव्य ठरतं. परीक्षेत मी हे धडाधड लिहून दहापैकी सात मार्क मिळवले होते. घोडा तोच, खोड तीच, गप्प बसणंही तेच. फक्त घेणारं माणूस कोण, एवढ्यानंच पापाचं पुण्य कसं होतं, हा प्रश्न तेव्हा विचारला नव्हता. परीक्षेत प्रश्न आपण विचारायचे नसतात.

मधल्या बुधवारी मी सोनेतारणाच्या काउंटरला होतो. एक जोडपं आलं. बाईंनी पदराआडून रुमाल सोडला, त्यात दोन पाटल्या. हातावर त्यांचे पांढरे वळ अजून ताजे होते. कर्जाचं कारण विचारलं तर तो माणूस म्हणाला, "ट्रक घेतोय साहेब. चारशे सात. इसार दिलाय. मालक वळखीचा न्हाई, पर माणूस चांगला वाटला." गाव, रक्कम, तारीख सगळं जुळत होतं. माझं पेन थांबलं.

बँकेचे सराफ आले. त्यांनी पाटल्या कसोटीच्या दगडावर घासल्या, काट्यावर तोलल्या, भिंग लावून पाहिल्या. बाई टक लावून बघत होत्या. हे आम्ही रोजच करतो, त्यात कुणाचा अपमान नसतो. पण त्या दिवशी मला सुचलं, की या माणसाचं सोनं आम्ही दगडावर घासल्याशिवाय एक रुपया देत नाही, आणि त्याच रुपयांत आम्ही त्याला जे इंजिन देणार, त्याचं हेड उघडून बघायला त्याच्याजवळ कुठला दगड आहे? डोळे उघडे ठेवावेत हे खरं, पण पॅकिंग असतं दोन लोखंडांच्या मध्ये. तिथं डोळा पोचत नाही.

आता पंचाईत अशी, की खातेदाराची गोष्ट बाहेर बोलायची नाही हा बँकेचा धर्म. आज इतक्या वर्षांनी, नावगाव न सांगता लिहितोय, पण तेव्हा मेहुण्याला सांगता येईना, बायकोला त्याहून येईना. आणि मेहुण्याची गोष्ट खातेदाराला सांगायची नाही हा सासुरवाडीचा धर्म. दोन्हीकडून दाब, मध्ये मी. पॅकिंगबद्दल मला उगीच गहिवरून आलं नव्हतं.

मी भित्रा माणूस करतो तेच केलं. संध्याकाळी वर्कशॉपवर जाऊन म्हटलं, "मिस्त्री, चांगलं पॅकिंग घाला. फेस मारा, बोल्ट नवे घ्या. फरक मी देतो."

मेहुणा घाबरला. "दाजी, बरं वाटतंय न्हवं?"

"समज, तुझी पोरगीच ही गाडी घेतेय," मी म्हटलं.

"माझी पोरगी सहा वर्सांची हाय," तो म्हणाला. पण पैसे माझे म्हटल्यावर त्यानं वाद वाढवला नाही.

मला वाटलं, साडेतीन हजारांत सुटलो. गाडी चांगली होईल, पाटल्या सुरक्षित राहतील, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. गप्प बसण्याची फी भरून मी पावती घेतली होती.

तिसऱ्या रविवारी हेड बसलं. मिस्त्रींनी ब्लॉकचा माथा हलक्या हातानं साफ केला. बोल्टच्या भोकांतलं पाणी-ऑइल टिपून घेतलं. भोकात पाणी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला, तर पाण्याला जायला जागा नसते, ब्लॉकच तडकतो. पॅकिंगची वरची बाजू वर आहे ना, ते दोनदा पाहिलं. पेस्टचा डबा त्यांनी उघडलाच नाही. मग टॉर्क पाना. मधल्या बोल्टपासून कडेकडे, भाकरी थापतात तसं. आणि एका दमात नाही, तीन फेऱ्यांत थोडं थोडं. एकच बोल्ट पहिल्यांदा पुरा आवळला तर हेड तिरपं बसतं. हे आमच्या मॅनेजरांनी एकदा येऊन पाहायला हवं होतं.

टॅपेट सेटिंग झालं, गाडी चालू झाली. धूर नाही, बुडबुडे नाहीत. मी निघणार, एवढ्यात मिस्त्री हात पुसत म्हणाले, "घेणाऱ्याला सांगा, पाचएकशे किलोमीटर झाले की गाडी हितं आणायची. पुन्हा टॉर्क मारायचा."

"म्हणजे?"

"ह्या जातीचं पॅकिंग तापून-निवून जरा बसतंय. मग बोल्ट सैल पडत्यात. दुसऱ्यांदा आवळलं न्हाई तर हे महागातलं पॅकिंगबी लोकलसारखंच जाणार."

मी पुन्हा स्टुलावर बसलो. गप्प बसायचं म्हणून जे चांगलं काम करून घेतलं, ते चांगलं काम गप्प बसू देत नव्हतं. हेड उघडलं होतं हे सांगितल्याशिवाय तो माणूस दुसऱ्यांदा येणार कसा? वाईट काम केलं असतं तर मौन पाळता आलं असतं.

मेहुण्याची समजूत घालायला दोन तास आणि दोन प्लेट मिसळ लागली. शेवटी त्यानं गिऱ्हाइकाला सगळं सांगितलं : हळद, घाट, दुधाळ ऑइल, सगळं. त्या माणसानं शांतपणे ऐकलं, मिस्त्रींना "फेस मारलाय का, बोल्ट नवीन हायत का" एवढं विचारलं, आणि पाच हजार कमी केले.

पुन्हा टॉर्क मारायच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. त्यानं मला ओळखलं. "साहेब, तुमी हितं?" मी म्हटलं, हा माझा मेहुणा. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे पाटल्या ठेवल्या त्या दिवशी तुमास्नी म्हाईत होतं."

"होतं," मी म्हटलं.

तो काही बोलला नाही. पाण्याचा ग्लास मात्र त्यानं आधी माझ्यापुढे केला. त्या ग्लासाला मी कितपत पात्र होतो, हा हिशेब अजून जुळलेला नाही. मी खरं वागलो ते एका पत्र्याला दुसऱ्यांदा आवळावं लागतं म्हणून. ज्या वस्तूंना एकदाच आवळून भागतं, त्यांच्या बाबतीत मी काय केलं असतं? ती रक्कम मी तूर्त सस्पेन्स खात्यात ठेवली आहे. चौदा महिन्यांनी पाटल्या सुटल्या. त्या बाईंनी त्या काउंटरवरच हातात चढवल्या, एवढी एक नोंद मात्र जमेच्या बाजूला आहे.

मेहुण्याची जमाखर्चाची पद्धत वेगळी. दिवाळीला पाहुणे जमले, की तो अजून सर्वांसमोर सांगतो, "आमच्या दाजींनी कॉलेजात एक घोडा पाळला होता. तो मला पाच हजाराला पडला."