हौस कुणाची?

गेल्या नवरात्रात आमच्या शहरातल्या कर्णपुऱ्याच्या यात्रेत आमच्या पाच वर्षांच्या पोरानं बांगड्यांच्या गाड्यापुढे बसकण मारली. शेजारच्याच गाड्यावर बंदुका होत्या, जेसीबी होते, पिपाण्या होत्या. त्यानं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हिरव्या काचेच्या, वर सोनेरी ठिपके असलेल्या बांगड्याच त्याला हव्या होत्या. "ताईसाठी घ्यायच्या का रे?" मी मोठ्यानं विचारलं. प्रश्न त्याला नव्हताच, आजूबाजूच्या लोकांसाठी होता. त्याला ताई नाही. "मला," तो म्हणाला, तोही मोठ्यानं. गाड्यावरच्या खालांनी त्याचा हात घेतला, चारी बोटं जुळवून अंगठा आत दुमडला आणि म्हणाल्या, "एक-बारा बैठेगा." तेवढ्या वेळात मी ओळखीचं कुणी दिसतंय का, ते बघत होतो.

चौथीत असताना वर्गातल्या एका मुलाला मी 'बायल्या' हे नाव चिकटवलं होतं. तो सागरगोटे छान खेळायचा, एवढाच त्याचा गुन्हा. पुढे तो मधल्या सुट्टीत बाहेर येईनासा झाला. त्या गाड्यापुढे मला तोच आठवला. चाळीस वर्षांत मी त्याची एकदाही आठवण काढली नव्हती, हेही लिहून टाकलेलं बरं.

बांगड्या चार दिवस टिकल्या. पाचव्या दिवशी शाळेच्या डायरीत लाल शाईनं वर्गाच्या बाईंची सूचना आली: मुलाच्या सवयींकडे लक्ष द्यावे. शाळेचं नाव सांगत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही शाळेत वेगळं घडलं असतं असं वाटत नाही. गंमत पुढे आहे. जानेवारीच्या स्नेहसंमेलनात त्याच बाईंनी भारूड बसवलं आणि तीन दांडगट पोरांना नऊवारी नेसवून स्टेजवर उभं केलं. पदर सावरता सावरता एक जण पडला, तेव्हा सगळा हॉल हसून लोळला. आमच्या पोराला मात्र घेतलं नव्हतं. मी बाईंना कारण विचारलं. त्या अगदी निष्पापपणे म्हणाल्या, "अहो, तो खरंच छान करेल."

त्या वाक्यात सगळं आलं. आपल्याला मुलाच्या अंगावरच्या बांगडीचं वावडं कधीच नव्हतं. ती त्याला आवडते, याचं आहे.

आधीची मुलं जगली नाहीत, तर नव्यानं झालेल्या मुलाचं नाक टोचून त्याला नथ घालायची, मुलीसारखं वाढवायचं, म्हणजे सटवाई फसते, अशी आपल्याकडची रीत. नथू, नथूराम ही नावं त्यातूनच आली. असे नथू मोठे होऊन औत हाकायचे, कुस्त्या खेळायचे. नथीमुळे बिघडले म्हणून कुणी बोंब मारली नाही. बोरन्हाणाला आपण मुलग्यांनाही हलव्याचे दागिने घालतो, मोत्याच्या सरासारखा हार घालतो आणि फोटो चुलत्या-मावश्यांना धाडतो. तिथे हौस आईची असते, आजीची असते. पोर ठोकळ्यासारखं बसलेलं असतं, म्हणून ते चालतं.

पैठण इथून पन्नासेक किलोमीटर. तिथल्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडं रचली, त्यांतली कितीतरी बाईच्या तोंडची. पदर डोक्यावर घेऊन ती गाणारे बहुतेक पुरुषच असत आणि आजही अनेकदा असतात. शेवटी त्यातून परमार्थ निघतो, म्हणून त्याला मान. त्याच पैठणला पुरुष महिनोन् महिने मागावर बसून पैठणीच्या पदरावर मोर विणतात. रंग लावण्याची त्यांची नजर बघण्यासारखी असते. तिथे पोट असतं, म्हणून त्यालाही मान.

आणि बालगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा १९०५ साली किर्लोस्कर कंपनीत गेला आणि पुढची कित्येक वर्षं घरंदाज बायका त्याचं बघून लुगडी नेसल्या, अंबाडे घालू लागल्या. बालगंधर्वांच्या पदराला कुणी हसत नव्हतं, कारण तो पदर चेष्टेचा नव्हता. ते मन लावून बाई होत. १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त त्यांनी पुरुषाची भूमिका केली, तीही कुणाची? पैठणच्या एकनाथांची. मला हा योगायोग फार आवडतो. आज टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत आठवड्याला दोन-तीन पुरुष साडी नेसतात आणि आपण जेवता जेवता हसतो. शंभर वर्षांत एवढा एकच बदल झाला: चेष्टा उरली, मन लावणं गेलं.

(गुलाबी रंग पोरींचा, हेही आपलं नव्हे. १९१८ साली अमेरिकेतल्या कपड्यांच्या धंद्याचं एक मासिक गुलाबी मुलग्यांना आणि निळा मुलींना द्या, असं सांगत होतं. आपले नवरदेव तर अजूनही गुलाबी फेटा बांधून मांडवात येतात.)

याच शहरातल्या शाळा पोरांना सहलीला अजिंठ्याला नेतात. पहिल्या लेण्यात पद्मपाणी आहे, साधारण पंधराशे वर्षांपूर्वीचा. डोक्यावर नाजूक कलाकुसरीचा मुकुट, गळ्यात मोती, दंडावर दागिने, रेखीव भुवया, किंचित कलती कंबर, हातात निळं कमळ. गाइड टॉर्च मारून सांगतो की, करुणेचं इतकं सुंदर चित्र दुसरं नाही. पोरं वह्यांत उतरवून घेतात. बाईही घेत असतील.

आता राहिली खरी भीती. ती जवळची माणसं कुजबुजत बोलतात: "पुढे हा 'तसला' निघाला तर?" उत्तर सरळ आहे. अशा मुलांपैकी काही पुढे समलैंगिक असतात, काही ट्रान्स असतात, काहींची हौस दुसरी-तिसरीत आपोआप मावळते, काही मोठे होऊन उत्तम कपडे शिवतात. यातलं काय होणार, ते बांगडी ठरवत नाही आणि बांगडी काढून घेतल्यानं बदलतही नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं अशा कुणाला 'सुधारण्याचे' उपचार हे डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणून कुणी 'दोन सीटिंगमध्ये सरळ करतो' म्हणालं, तर पायात चपला घालून निघावं. फी परत मागायलाही थांबू नये.

त्रास होणारच नाही असं मी म्हणत नाही. रिक्षावाल्या काकांनी एकदा त्याला "क्या मॅडम" म्हटलं, तेव्हा तो घरी येऊन गप्प बसला होता. बायको मला म्हणाली, "जगाचं नंतर बघू. आधी त्याला घरात कुणाची भीती वाटते, ते बघ." मी बघितलं. माझीच वाटत होती. बांगड्या फुटल्या त्या दिवशी त्यानं काचा गोळा करून माझ्यापासून लपवल्या होत्या, आईपासून नाही.

यंदा आम्ही पुन्हा कर्णपुऱ्याला गेलो. गाडा त्याच जागी होता. खालांनी हात बघितला. माप आता एक-चौदा झालंय.