काळ्या पाषाणाचे गोत्र

मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात गिरमिटिया मजुरांच्या नोंदवह्या जतन करून ठेवल्या आहेत. जहाजातून उतरलेल्या प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, परगणा, जिल्हा आणि या साऱ्याच्या शिरोभागी एक क्रमांक. पुढे 1860च्या दशकात त्यात छायाचित्रांचीही भर पडली. त्या नोंदींविषयी वाचताना मला दर वेळी जाणवते, की भुवईवरचा व्रण किंवा मनगटावरचा तीळ इतक्या बारकाईने एरवी फक्त प्रेम न्याहाळते. इथे तो न्याहाळला अविश्वासाने, मजूर मळा सोडून पळाला तर हुडकून काढता यावा म्हणून. आणि आज त्याच्या पणतूचा मुलगा त्याच वहीत आपले मूळ शोधतो. पहाऱ्यासाठी लिहिलेल्या ओळींतून त्याला आपल्या पूर्वजाचा चेहरा प्रथमच दिसतो. लिहिणाऱ्याचा हेतू लिहिलेल्या अक्षराला किती काळ बांधून ठेवू शकतो, हा प्रश्न त्या वह्यांनी माझ्यासाठी कायमचा उघडा ठेवला आहे.

2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे त्या बेटावर उतरली. महिना पाच रुपये, पाच वर्षांचा करार, आणि एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापायची, असा त्या जगण्याचा हिशेब होता. बहुतेक जण भोजपुरी मुलखातले, काही तमिळ आणि तेलुगू, आणि एक लहान प्रवाह मुंबई बंदरातून गेलेला, रत्नागिरी-सावंतवाडीच्या, सातारा-कोल्हापूरच्या माणसांचा. दास्यप्रथा संपुष्टात येत असताना, आफ्रिका आणि मादागास्करमधून आणलेल्या गुलामांनी सोडलेल्या वस्त्यांमध्येच ही माणसे उतरवली गेली. हे मी मुद्दाम आठवतो, कारण आपल्या माणसांच्या दुःखाविषयी बोलताना शेजारच्या दुःखाचा विसर पडणे फार सोपे असते. गिरमिटियांना निदान नोंदवही मिळाली. तीत बापाचे नाव होते, गाव होते. गुलामाला नाव मिळाले तेही मालकाने ठेवलेले. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट आणि पळालेल्या गुलामांना आसरा देणारा ल मॉर्नचा पर्वत, दोन्ही आज जागतिक वारसा आहेत. पण त्यांपैकी एका स्थळाचे वंशज अभिलेखागाराची पायरी चढू शकतात आणि दुसऱ्याचे वंशज पर्वताकडे पाहत राहतात.

नोंदवहीतले नावही अबाधित राहिले नाही. आडनाव ही वस्तू ज्यांच्या गाठीशी नव्हती, त्यांचे उच्चार परक्या कानांनी ऐकले, रोमन अक्षरांत उतरवले, आणि कुणा सखारामाचे, कुणा बाबाजीचे एकेरी नाव पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. आपल्याकडे आडनावातून गाव, वतन, व्यवसाय, कधी एखादे विसरलेले भांडण ऐकू येते. तिथे आडनावातून ऐकू येतो जहाजातून उतरलेला एकच माणूस, जणू त्याच्याआधी कुणी नव्हतेच. वंशाची गणनाच समुद्रकिनाऱ्यापासून सुरू होते. मला हे केवळ नुकसान वाटत नाही. काळे पाणी ओलांडल्याने धर्म बुडतो असे मानणाऱ्या समाजातून निघालेल्या माणसाला त्याच पाण्याने आद्यपुरुष केले, यात इतिहासाचा काहीएक न्यायही असावा.

तरीही मनाला अधिक खोल भिडते ती गोष्ट मराठीपणाची. मॉरिशसच्या जनगणनेत पूर्वजांची भाषा आणि घरात बोलली जाणारी भाषा असे दोन वेगळे प्रश्न विचारले गेले आहेत. घरात क्रेओल बोलणारा मनुष्य पहिल्या प्रश्नापुढे ‘मराठी’ असे लिहितो. राज्यघटनेच्या लेखी तो हिंदू समुदायात मोडतो, मात्र तिथल्या रोजच्या बोलण्यात हिंदू म्हणजे हिंदी-भोजपुरी परंपरेचे लोक, आणि मराठी, तमिळ, तेलुगू हे आपापल्या नावांनी ओळखले जाणारे स्वतंत्र समाज. आपण इथून त्याच्याकडे पाहतो तेव्हा आपल्याला वाटते, की मूळ आपल्यापाशी आहे आणि त्याच्या हाती राहिली आहे ती फिकट होत गेलेली प्रत. पण तो पूर्वज घरातून निघाला तेव्हा कोण होता? अमुक वाडीचा, तमुक जातीचा, अमुक भावकीचा. रत्नागिरीतल्या कुणब्याला आणि महाराला एकत्र बांधणारे नाव त्यांच्या गावाने त्यांना कधी दिले नव्हते. ते मराठी झाले ते भोजपुरी आणि तमिळ बोलींच्या गर्दीत, जिथे आपल्यासारखे बोलणारा दुसरा माणूस भेटणे हेच नाते होते. त्यांचे मराठीपण आपल्याकडून उसने गेलेले नाही. ते त्या मळ्यांत घडले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या कितीतरी आधी घडले.

तिथला मराठी समाज ‘झाकरी’ म्हणून जो गाण्याचा आणि फेर धरून नाचण्याचा प्रकार करतो, तो आपल्या कोकणातल्या जाखडीचा सहोदर. ज्या शब्दांवर पाय पडतात ते शब्द नाचणाऱ्याला सगळे कळतातच असे नाही. हे ऐकून हळहळणारे लोक मला भेटतात. मला मात्र डेरेक वॉलकॉट आठवतो. 1992 सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानाचा आरंभ त्याने त्रिनिदादमधल्या फेलिसिटी गावच्या रामलीलेपासून केला होता. ऊसतोड मजुरांच्या नातवंडांचा तो खेळ आपण प्रथम एखाद्या हरवलेल्या गोष्टीचा प्रतिध्वनी म्हणून पाहत होतो आणि ते चुकीचे होते, कारण ती मुले नटत नव्हती, त्यांची श्रद्धा होती, असे त्याने तिथे मोकळेपणाने मांडले. आपणही कितीशा आरत्यांचे शब्द अर्थ उलगडून म्हणतो? भाद्रपदात मॉरिशसला गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते, मूर्ती समुद्राकडे निघतात, आणि त्या क्षणी तिथे कोणाला मूळ स्थान आठवून उदास होण्याची सवड असेल असे मला वाटत नाही.

भूशास्त्र इथे एक मोहक दिलासा पुढे करते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या अग्निस्रोतावरून जाताना भारताच्या भूमीवर लाव्हा पसरला आणि सह्याद्रीचे कातळ घडले, त्याच स्रोतावर फार नंतर मॉरिशस बेट समुद्रातून वर आले. शेजारच्या रेयुनियन बेटावर तो आजही धगधगतो. म्हणजे उसासाठी जमीन मोकळी करताना त्या माणसांनी जे काळे धोंडे वेचून शेतांत उंच रचून ठेवले, ते त्यांच्या घाटावरल्या धोंड्यांचे सगोत्रच. हे प्रथम वाचले तेव्हा मी भारावून गेलो होतो. आज तो आनंद मला थोडा संशयास्पद वाटतो. धोंडा उचलणाऱ्याच्या पाठीला त्याचे गोत्र ठाऊक नव्हते, वजन ठाऊक होते. दूर गेलेल्यांना आपण कुठल्या ना कुठल्या धाग्याने परत आपलेच म्हणू पाहतो, आणि पाषाणाचा धागा तर फारच सोयीचा, कारण तो उलटून काही बोलत नाही.

मार्च 2024 मध्ये आपल्या राष्ट्रपतींनी मॉरिशसमध्ये जाहीर केले, की भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही प्रवासी भारतीय नागरिकत्वाचे कार्ड मिळू शकेल. त्यासाठी पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे पुन्हा त्या वह्या. उद्या कुणी ते कार्ड घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या गावी येईल, कारकुनाने आपल्या कानाप्रमाणे लिहिलेले गावाचे नाव दाखवील, आणि आपण तत्परतेने त्याचे घर, देव, भावकी शोधायला लागू. सापडले तर त्याच्याइतकेच आपणही सद्गदित होऊ. पण मला त्याला मागचे विचारण्याआधी तिथले विचारायचे आहे: तुमच्याकडे झाकरी कोण शिकवते, ढोलकी कुठल्या लाकडाची करता, आणि ज्या शब्दांचा अर्थ कुणालाच सांगता येत नाही, ते गाताना म्हातारी माणसे कुठे थांबतात.