गाभाऱ्यात कोणाला काय दिसावं?

२०१६ साली ‘पोकेमॉन गो’ या मोबाइल खेळावरून गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका आली. खेळात देवळांच्या ठिकाणी फोनच्या पडद्यावर अंडी मिळतात, त्यामुळे भावना दुखावतात, अशी तक्रार होती. न्यायालयाने नोटीसही काढली. देवळात अंडं नव्हतंच. मग विटाळ कशाचा? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

मालवण मुलखाला नसलेलं पाहणं नवं नाही. दशावतारी नाटकात किरीट चढवून उभा राहिलेला विष्णू दिवसा शेतात राबणारा गडी असू शकतो, हे समोर बसलेल्या म्हातारीलाही ठाऊक असतं. तरी तिचे हात जोडले जातात. मालवणच्याच सिंधुदुर्ग किल्ल्यात, राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरात, मूर्तीवर मुखवटा चढवतात. तोही वास्तवावर चढवलेला थरच की!

पण मुखवटा सगळ्यांना एकच दिसतो.

कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडची पडली की डावीकडची, हे सारे एकाच वेळी बघतात. म्हणून निकाल मानला जातो. खऱ्या जागेवर आभासी चित्र चढवणाऱ्या चष्म्यातलं किंवा फोनमधलं दृश्य मात्र ज्याचं त्याला. शेजारच्याला पत्ता नसतो, आणि ते रचणारी कंपनी तर गावकीला बांधील नाही. एकाच गाभाऱ्यापुढे दहा जणांना दहा देव दिसू लागले, तर ते दर्शन खाजगी करमणूक होईल.

किल्ल्यातले पडलेले वाडे पडद्यावर खुशाल उभे करावेत. गाभाऱ्याचा निर्णय मात्र गावकीने बसून आधीच घ्यावा.