कुंडीतला मोगरा, शेजारचा हंडा



उस्मानपुऱ्यात घरभेटीला जाताना आम्हांला दारोदारी काहीतरी हिरवे दिसते. कुठे कुंडीत मोगरा, कुठे जुन्या डब्यात कोरफड, कुठे कुंपणाशी कढीपत्ता. पाहून थकवा जातो. पण उन्हाळ्यात एक प्रश्न टोचतो. जायकवाडीचे पाणी आपल्या शहरात वर्षानुवर्षे काही दिवसांआड येत आले आहे. मग केवळ शोभेसाठी झाडाला पाणी घालणे योग्य आहे का?

संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या मते, जे पाहताच मन सुखावते ते सुंदर. पाहण्याने ते संपत नाही. आपली जास्वंद रस्त्याने जाणाऱ्यालाही तितकीच लाभते. सौंदर्य वाटल्याने कमी होत नाही. पाणी मात्र होते. शेजारचा हंडा रिकामा असताना पाइप लावून भिजवलेली हिरवळ डोळ्यांना सुखावेल, मनाला नाही.

म्हणून झाडे काढून टाकावीत काय? नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो, तो तिची मशागत व राखण करण्यासाठी. आपण मालक नव्हे, राखणदार आहोत. आणि राखणदाराला हिशेब द्यावा लागतो. स्वच्छ पाणी आधी तहानलेल्याचे. तांदूळ, भाजी धुतलेले पाणी झाडाचे. ते सायंकाळी मुळाशी घालावे, वर पाचोळा पसरावा, ओल टिकते.

आज घरी गेल्यावर आपण आपल्या झाडांकडे मन भरून पाहू या. मग एकदा कुंपणापलीकडेही पाहू या.